कोण्या खात्यातली भरती

सन दोन हजार पंचवीस. मला बहात्तरावं चालू होतं, आणि माझ्या पोरीशी मी चार वर्षं बोललो नव्हतो.

हे पहिल्यानंच सांगून टाकतो. मागाहून सांगायला ठेवलं तर मी ते वगळीन, माझा मला भरवसा नाही.

शाळा मी चौथीत अर्ध्यावर सोडली. हिशेब तोंडी येतो, वाचताही येतं, फक्त जोडाक्षर आलं की चिखलात रुतलेल्या बंडीसारखा तिथंच थांबतो. बाकी माझ्यात काही कमी नाही. हिंगणीच्या खालच्या अंगाला, बोर नदीच्या काठी माझं वावर आहे. वांगे, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. सेलूच्या बाजारात माझ्या वांग्यांना कोणी नाव ठेवून दाखवावं. गावात बैलजोडी ठेवणारे आता मोजकेच उरलो, त्यात मी एक. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो हे मलाही माहीत आहे.

एक नाद होता मला, गळाचा. वावराला लागून नदीत एक डोह आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. तिथं मरळ राहते. डोकं सापासारखं, अंग मनगटाएवढं, आणि शिकारीला पक्की. गळाला बेडूक लावला की पाणी फाडून वर येते. पोरगी सहा वर्षांची झाली तेव्हापासून माझ्यासोबत डोहावर यायची. एकुलती एक. बाकीच्या पोरी भातुकली खेळत, ही माझ्या शेजारी उकिडवी बसून तासन् तास पाण्याकडे पाहत राहायची. पावसाळ्यात डोहावर लालसर पिलांचा गोळा फिरताना दिसतो, मुठीएवढा, मग टोपलीएवढा. त्या गोळ्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते. तेव्हा बेडूक टाकला तर मरळ हमखास सापडते, कारण ती पिलं सोडून पळत नाही. पण माझा नियम होता, पिलावरच्या मरळीला गळ टाकायचा नाही.

"बाबा, हे पिल्लं मोठे झाले की कुठं जातात?" तिनं एकदा विचारलं.

"कुठं जातीन? याच डोहात राह्यतात."

"अन् डोह भरला तर?"

"तू गळ पाह्य."

त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुढं तिनंच दिलं. माशांचं शिक्षण घेतलं, आधी नागपूरला, मग पार कोकणात, समुद्राच्या काठी. तिथं एका मोठ्या शिकारी माशाचा अभ्यास चालतो, त्या कामावर ती लागली. पण लागली म्हणजे कंत्राटी. दर वर्षी नवा कागद. गावात कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर मी सांगायचो मासे पाहते. लोक म्हणायचे, ते तर तुमच्या डोहातही पाहायची.

आता भरतीचं सांगतो.

आमच्याकडे भरती म्हटलं की एकच. पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक भरती. पहाटे सेलूच्या रोडनं पोट्टे धापा टाकत पळतात, त्यांना विचारा, म्हणतील भरतीची तयारी. ज्याच्या घरात भरती झाली त्याच्या अंगणात लोक चपला काढून बसतात. समुद्रालाही भरती येते हे शाळेच्या पुस्तकात असेल. त्या धड्यापर्यंत मी पोचलो नव्हतो.

दोन हजार एकवीस साली पोळ्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. मी मोटरच्या खोलीपाशी होतो, मोटर चालू होती, आवाज तुटत होता.

"बाबा, पोळ्याले नाई जमत यंदा. अमावास्येची मोठी भरती आहे. सारे तिथंच राह्यतीन. मी नसली तर कसं होईन?"

अमावास्या तर पोळ्याचीच. ती मला त्या आवाजात ऐकूच आली नाही. ऐकू आलं ते एवढंच, की मोठी भरती आहे आणि सारे तिथं जाणार.

"बिलकुल येऊ नको," मी म्हणालो. "पोळा दरसाल येते. भरती सोडू नको."

"तुम्हाले राग नाई आला?"

"राग कायचा? चांगली निंगजो त्यातून."

"निंगतो ना. बोट आहे."

बोट म्हणजे मी बोटाचा ठसा समजलो. हल्ली भरतीत बोटं मशीनवर घेतात, हे मला पळणाऱ्या पोट्ट्यांनीच सांगितलं होतं.

पोळ्याच्या दिवशी मी वर्ध्याहून पेढे आणवले. बैलांची शिंगं रंगवली, झुली चढवल्या आणि जोडी घेऊन तोरणाखाली उभा राहिलो. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा. पहिला हात घातला तो किराणा दुकानवाल्यानं. तो माझा लहानपणचा दोस्त, एका पाटीवर दोघं लिहायचो.

"पेढे कायचे गा?"

"पोरीची भरती झाली. मोठी."

"कोण्या खात्यात?"

इथं मी जरा अडखळलो. "माश्यायचं खातं आहे."

"सरकारी का?"

"मंग काय तुह्या दुकानातलं?"

शेजारी एक रिटायर झालेले गुरुजी उभे होते. ते पेढा हातात धरून म्हणाले, "जाहिरात कुठं वाचली नाही हो. मी तर पेपर रोज पाहतो."

पेढा त्यांनी तोंडात टाकला नाही, याचा मला राग आला. मी फोन काढला, आवाज बाहेर ऐकू येईल असा केला, आणि सगळ्यांसमोर तिला लावला.

"बाई, गुरुजी पुसून राह्यले, तुही भरती कोण्या खात्यात झाली?"

"माही?"

"तूच म्हणली ना, मोठी भरती आहे."

ती म्हणाली, "बाबा, ती समुद्राची भरती. पाणी चढते ना, ते. दुपारी चढलं, आता उतरलं." आणि हसत सुटली.

माझ्या मागं तीसेक माणसं होती हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं असेल मी वावरात एकटा आहे. पण तिचं हसू फोनातून निघालं आणि त्या तीस माणसांत पसरलं. माझा एक बैल बिचकून मागं सरला.

"म्हंजे आली भरती, गेली भरती," किराणावाला म्हणाला. "पेढा वापस द्या लागते का गा?"

संध्याकाळी मी परत फोन लावला, या वेळी खरंच एकटा होतो. म्हणालो, "पक्की भरती होत नाई तोवर या घराची पायरी चढू नको. राह्य तिथंच, खाऱ्या पाण्यात."

मग ती म्हणाली, "बरं."

पोरगी माझीच. एकदा बरं म्हटलं म्हणजे बरं.

पुढच्या पोळ्याला ती आली नाही. आमच्याकडे तोरणाखाली झडत्या म्हणतात, म्हणजे यमक जुळवलेल्या चार ओळी, कोणाची तरी फिरकी घेणाऱ्या, आणि शेवटी सगळे मिळून हर हर महादेव. त्या साली किराणावाल्यानं माझ्यावर झडती केली:

वांग्याच्या वाडीत मिरचीची ओळ,
बापानं पेढ्यायचा केला घोळ,
पोरीची भरती कोण्या खात्यात?
खारं पाणी बापाच्या हातात.

तेव्हापासून गावात माझं नाव पडलं, भरतीवाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. दर पोळ्याला पुरण शिजलं की बायको एक पोळी जास्तीची करायची आणि ती दुसऱ्या दिवशी बैलाला घालायची. मी तिकडे पाहायचो नाही.

फोन ती आईला करायची. बायको मुद्दाम आवाज बाहेर सोडून बोलायची आणि मी नेमका त्याच वेळी ओसरीवर विळ्याला धार लावायला बसायचो. त्या चार वर्षांत माझ्या विळ्याएवढा धारदार विळा पंचक्रोशीत नव्हता.

"आई, आज एक तांबोशी भेटली. उभी धरली तर माह्या कंबरेएवढी."

"तांबोशी कायची? पान खाते का काय?" मी विळ्याकडे पाहत म्हणालो.

"तुहे बाबा पुसतात, पान खाते का."

"मी नाई पुसत."

"ते नाई पुसत," बायकोनं फोनात सांगितलं.

"त्याईले सांग, रंग तांब्यासारखा म्हणून तांबोशी. अन् खेकडे खाते. कवचासकट. कुत्र्यासारखे सुळे आहेत तिले."

अशा रीतीनं मला त्या माशाची माहिती होत गेली. मी नुसता हवेत बोलायचो, बायको ते उचलून फोनात टाकायची. मी म्हणायचो, शिकार पळून करत असेल की दबा धरून? उत्तर यायचं, दबा धरून. खाडीच्या काठी चिखलात कांदळाची झाडं असतात, त्यांची मुळं पाण्यात हाताच्या बोटांसारखी पसरलेली. त्या मुळांच्या अंधारात ती उभी राहते, झिंगा नाहीतर खेकडा पुढ्यात आला की एक झेप, आणि घास तोंडात धरून लगेच मागं मुळांत. गळाला लागली तरी पहिलं काम तेच, मुळांत शिरायचं. दोरी मुळांना घासून तुटते.

"मरळही तेच करते," मी म्हणालो. "तिले पहिल्या झटक्यातच बाहीर काढा लागते. ढील देली की गेली."

बायकोनं सांगायच्या आधीच तिकडून आवाज आला, "तेच तर मी इथल्या लोकायले शिकवलं."

मी विळा घेऊन आत निघून गेलो. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

आणि एक दिवस, यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट, माझ्या तोंडून निघून गेलं. ती सांगत होती की तांबोशीचं लहानपण खाडीत जातं. तेव्हा अंगावर पट्टे असतात, गालावर निळी रेघ असते. मोठी झाली की पट्टे जातात, अंग लाल होतं आणि ती खाडी सोडून खोल समुद्रात जाते.

"वापस येते का?" मी विचारलं.

बायकोनं हे फोनात सांगितलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. फोन तिच्या हातात तसाच उघडा.

मग पोरगी म्हणाली, "आई, लिहून पाठवतो."

आषाढात सेलूहून निरोप आला की पार्सल पडलं आहे, माझ्या नावाचं. मी मिरची घेऊन तसाही जाणार होतो, म्हणून गेलो. एक चाळीसपानी वही आणि कापसात गुंडाळलेली एक काडीपेटी.

वहीत तिनं हरभऱ्याएवढं एकेक अक्षर काढलं होतं. मी ओसरीवर बसून वाचायला लागलो आणि दुसऱ्या पानावर माझ्या ध्यानात आलं की मी कुठंच अडकत नाही. परत मागं जाऊन पाहिलं, मग पुढची पानं चाळली. सबंध वहीत एकही जोडाक्षर नव्हतं. समुद्र लिहायचा तिथं सागर लिहिलं होतं. वर्ष लिहायचं तिथं साल. 'तुम्ही' लिहिता येत नाही म्हणून प्रत्येक ठिकाणी नुसतं 'बाबा'. एवढं मोठं शिक्षण झालेल्या पोरीनं सबंध वही तिसरीच्या पोरासारखी लिहिली होती, आणि त्यात कुठं चुकली नव्हती.

मी वही मिटली. बायकोला म्हणालो, डोळ्यात कचरा गेला. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांत?

रोज एक पान, असं महिनाभर वाचलं. त्यातलं थोडं इथं सांगतो, तिच्याच शब्दांत:

"बाबा, तांबोशी मरळीसारखी नाही. मरळ पिलांजवळ थांबते. तांबोशी थांबत नाही. ती खोल सागरात खडकांपाशी अंडी सोडते आणि निघून जाते. अंडी पाणी नेईल तिकडे जातात."

हे मला टोचलं. मला वाटलं, मलाच म्हणते आहे. मरळ पिलांजवळ थांबते, आणि तुम्ही काय केलं. तीन दिवस वही उघडली नाही. चौथ्या दिवशी पुढचं पान वाचलं:

"पिलू तांदळाएवढं असतं. नीट पोहताही येत नाही. ओहोटी लागली की ते तळाशी दबून राहतं. भरती आली की वर येतं आणि भरतीवर बसून खाडीत शिरतं. भरती नसती तर एकही पिलू घरी आलं नसतं."

हे पान मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं परातीतली मेथी निवडायची थांबवली. "म्हंजे तुमची भरती काही खोटी नोयती," ती म्हणाली.

आणखी पुढं माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं: "मोठी तांबोशी खाडी सोडते. परत येत नाही. पण तिची पिलं येतात."

त्याखाली तिनं एक नकाशा काढला होता. आमची बोर फिरत फिरत वर्धा नदीला जाते, ते पाणी पुढं गोदावरीला, आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. पोरीची खाडी पश्चिमेला. लहान तांबोशी खाडीतून वर चढत गोड्या पाण्यापर्यंतही जाते असं तिनं लिहिलं होतं, तेव्हा मला वेड्यासारखं वाटून गेलं होतं की चढत चढत एखादी आमच्या डोहापर्यंत यावी. नकाशा पाहिला आणि कळलं, तिच्या पाण्यातून माझ्या पाण्याला रस्ताच नाही. माशाला नाही. माणसाला रेल्वे आहे. पण त्या गाडीत बसायला माणसाला कोणी तरी ये म्हणावं लागतं.

काडीपेटीत खडा होता. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, असा पांढरा खडा असतो, भोपळ्याच्या बीएवढा. हे मी एवढी वर्षं मासे कापूनही कधी पाहिलं नव्हतं. दरसाल त्याच्यावर एक ओळ चढते. झाडाच्या बुंध्यात असते तशी. तिनं एक खडा तसाच ठेवला होता आणि त्याचाच जोडीदार कापून, बारीक चकती करून काचेच्या तुकड्यावर चिकटवला होता. काडीपेटीवर लिहिलं होतं १९. म्हणजे ती तांबोशी एकोणीस वर्षांची. वहीत लिहिलं होतं की हा खडा तपासून मासा कितव्या साली खाडी सोडून गेला तेही सांगता येतं. घर सोडल्याचं साल डोक्यातल्या दगडात बसून राहतं.

मी भिंग घेऊन मोजलं. पंधरा. परत मोजलं. पंधराच.

"सांग तिले, चुकली," मी बायकोला म्हणालो. "पंधराच आहेत."

तिकडून उत्तर आलं, "कडेच्या चार सुटल्या असतीन. म्हातारपणी वाढ थोडी होते, मंग ओळी दाटून बसतात. त्याईले म्हण, उन्हात पाहा."

मी मुळीच पाहणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी बायको नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा अंगणात जाऊन उन्हाला काच धरली. कडेला होत्या. एकमेकींना चिकटून, एकच जाड रेघ वाटावी अशा. चार.

वहीच्या शेवटच्या पानांवर तारखा आणि वेळा होत्या, तीन महिन्यांच्या, रोजच्या भरतीच्या. खाली दोनच वाक्यं: "भरतीत फोन उचलता येत नाही. बाकी कधीही करावा."

ती पानं मी फाडून मोटरच्या खोलीत चिकटवली. तिथं आधीच एक कागद होता, थ्री-फेजची लाइन कोण्या दिवशी किती वाजता येणार त्याचा. शेजारी शेजारी दोन कागद. एकावर माझं पाणी कधी येणार ते, दुसऱ्यावर तिचं. रोज मोटर लावायला गेलो की तिची वेळ वाचायचो. आता साडेतीन. आता सव्वाचार. आता पाण्यात असेल. आता बाहेर आली असेल. फोन मात्र केला नाही. बायको दर चार दिवसांनी म्हणायची, "पोळा जवळ आला." मी म्हणायचो, "मले दिसते कॅलेंडर."

पोळा आला. जोडी सजवली, तोरणाखाली नेली. किराणावाल्याचे आता गुडघे गेले आहेत, तो खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "या भरतीवाले. यंदा कोणती भरती?"

दरसाल मी तोंड फिरवत होतो. यंदा कासरा शेजाऱ्याच्या हातात दिला आणि पुढं झालो. वांगे खुडता खुडता चार दिवस जुळवलेली झडती म्हणालो:

शाळेत गेलो मी वर्सं चार,
समुद्र नाई पाह्यला एकही बार,
पोरीचं खातं पुसता काय?
चंद्र त्याचा साहेब हाय.

हर हर महादेव म्हणायला लोकांना जरा उशीर लागला, कारण अर्ध्यांना ती कळली नव्हती. मग मी खिशातून काडीपेटी काढली. सांगितलं, हा समुद्रातल्या माशाचा कानातला खडा. एकोणीस वर्षांचा मासा. पाणी चंद्राच्या ओढीनं चढते, त्याले भरती म्हणतात, आणि अमावास्येले, म्हंजे आपल्या पोळ्याले, ते सगळ्यात जास्त चढते. त्या पाण्यावर बसून पिल्लं खाडीत येतात. ते पाहाले माही पोरगी पाण्यात उतरते. म्हणून तिले पोळ्याले येता येत नाई.

खडा हातोहात फिरला. गुरुजींनी चष्मा वर करून पाहिला. "चंद्राचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माह्या पोरीनं."

किराणावाल्यानं खडा कानाला लावून पाहिला, मग माझ्या हातात दिला. "म्हंजे साहेबाची बदली होत नाई."

"नाई होत."

"मंग पक्कीच झाली ना भरती," तो म्हणाला, आणि हसला नाही.

घरी आलो. बायकोला सगळं आधीच कळलं होतं. पुरणाची जास्तीची पोळी तिनं झाकून ठेवली होती.

"झडती तिले ऐकवा," ती म्हणाली.

"तू ऐकव. तुह्या फोनवर येते ना तिचा."

"मले पाठ नाई."

"मी सांगतो, तू म्हण."

तिनं पोळीवरचं ताट नीट केलं. "चार वर्सं दोघाईच्या मधात मी दळली गेली. आता माहा फोन म्हंजे माहाच. तुमचं तुम्ही पाहा." आणि खरंच त्या संध्याकाळी पोरीचा फोन आला तेव्हा ती फोन घेऊन मागच्या दारी गेली. मी ओसरीवर विळा घेऊन बसलो होतो. काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वावरात गेलो. नऊ वाजता लाइन आली, मोटर लावली, वांग्याच्या दांडात पाणी सोडलं. कागदावर त्या दिवसाची भरती होती बारा वाजून दहा मिनिटं. म्हणजे बराच वेळ आहे, मी हिशेब केला. दहा वाजता मोटरच्या खोलीमागं जाऊन उभा राहिलो आणि तिचा नंबर लावला. काय बोलायचं ते रात्रीपासून ठरवलेलं होतं. पहिलं वाक्य असं, की तुह्या कडेच्या चार ओळी बराबर होत्या.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, नाही उचलत तर नको उचलू. फावडं उचललं, दोन वाफ्यांत पाणी वळवलं. तिसऱ्या वाफ्यापाशी थांबलो आणि परत खोलीत गेलो. कागदाच्या अगदी वर एक ओळ होती, जी मी महिनाभर वाचत होतो आणि समजत नव्हतो: "पाणी सहा तास चढत जातं. लिहिलेली वेळ शेवटची."

मला वाटत होतं, भरती थ्री-फेजसारखी येते. वेळ झाली की लाइन आली, पाणी आलं. तसं नव्हतं. ते सकाळपासूनच चढत होतं. मी फोन लावला तेव्हा ती कधीची खाडीत होती, त्या मुळांपाशी, बोटीत.

म्हणजे पाणी उतरून ती काठावर येईल, फोन पाहील, त्यावर माझा नंबर असेल. चार वर्षांनी.

वांग्याच्या सात ओळी अजून कोरड्या होत्या आणि लाइन पाच वाजेपर्यंत होती. लाइन असताना मोटर बंद करणारा मी माणूस नाही. मोटर चालू असली की तिथं फोन नीट ऐकू येत नाही, हे मला एकदा चांगलं कळलेलं होतं. मी खोलीत गेलो, खटका खाली पाडला, आणि बाहेर वावराच्या कडेच्या धुऱ्यावर येऊन फोन तळहातावर ठेवून बसलो.